डिस्कोत गेला म्हणून चर्चमधला आवाज देवाचा राहत नाही का?

दुसरी_रांग_अल्टो
परवा आमच्या चर्चच्या क्वायरच्या, म्हणजे गायनवृंदाच्या ग्रुपवर एकीने कार्ल बीनचं 'आय वॉज बॉर्न धिस वे' टाकलं. दहा मिनिटांत कुणीतरी लिहिलं की असली गाणी ख्रिस्ती ग्रुपवर नकोत, काढून टाक. तिने काढलं. मी गप्प बसले आणि तेव्हापासून ते मनातून जात नाहीये म्हणून इथे विचारतेय.

मी वसईची, कॅथलिक, लेस्बियन. रविवारी मिस्साला दुसऱ्या रांगेत उभी राहून अल्टो, म्हणजे बायकांचा खालचा सूर, गाते. बीन बाल्टिमोरचा, चर्चमध्ये लहानाचा मोठा झालेला, पुढे गॉस्पेल, म्हणजे काळ्यांच्या चर्चमधली भक्तिगीतं, गात फिरलेला काळा माणूस. १९७७ साली मोटाऊनसारख्या मोठ्या कंपनीच्या रेकॉर्डवर तो सरळ गातो की मी गे आहे, जन्मापासून असाच आहे. खाली पक्का डिस्कोचा ठेका, पण तुम्ही त्याचा गळा ऐका, तीच ओळ परत परत उचलताना प्रत्येक वेळी आवाज वर चढत जातो, घसा फाटेल की काय असं वाटतं, देवाने आपल्यासाठी काय केलं याची चर्चमध्ये साक्ष द्यायला उभा राहिलेला माणूस गातो ना अगदी तसं. हा आवाज त्याला नाइटक्लबने दिलेला नाही, चर्चने दिला. मी पंधरा-सोळाची असताना विरार लोकलमध्ये हेडफोन लावून ऐकलं तेव्हा पहिल्यांदा वाटलं की प्रार्थना करताना स्वतःचा एक तुकडा बाहेर चपलांपाशी ठेवून यायची गरज नाही. ज्यांना हे गाणं श्रद्धेच्या विरोधात वाटतं त्यांनी का ते सांगा.

नगरचा_पाळकपुत्र
ताई, तुमचा अपमान करायचा नाही, पण मी असतो तर मीही काढायलाच सांगितलं असतं. एक म्हणजे हे गाणं बीनचं नाहीच. बनी जोन्स नावाच्या बाईंनी लिहिलं, १९७५ ला व्हॅलेंटिनो नावाच्या गायकाने आधी गायलं, बीनकडे नंतर आलं. म्हणजे साक्ष वगैरे नाही, दिलेले शब्द गायलेत. दुसरं, त्यात येशूचं नाव कुठंय? निसर्गाने जसं घडवलं तसे आपण, एवढंच म्हटलंय. आणि जन्मापासून आहे म्हणून योग्य, हे तर शास्त्राच्या उलट झालं. राग, लोभ, मत्सर पण जन्मापासूनच असतात की, म्हणून तर तारणारा लागतो. समलिंगी संबंधांना दोष देणारा, बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय मी नाही लिहिला. गळा गॉस्पेलचा असला म्हणून शिकवण गॉस्पेलची, म्हणजे शुभवर्तमानाची, होत नाही.

दुसरी_रांग_अल्टो
दुसऱ्याचे शब्द स्वतःचे करून गाता येत नाहीत का? स्तोत्रं तरी आपण कुठे लिहिली, पण ती म्हणताना रडतोच ना. आणि लोभाशी तुलना मला खरंच टोचली. लोभ दुसऱ्याचं ओरबाडतो. मी माझ्या जोडीदाराच्या आईला दवाखान्यात घेऊन जाते, तिच्यासाठी पेज करते, यात कुणाचं काय ओरबाडलं?

बीनचं पुढे काय झालं ते बघा. त्याला गे गाण्यांवर करिअर करता आलं असतं, तो पाळक झाला. लॉस एंजेलिसमध्ये युनिटी फेलोशिप चर्च काढलं, मुख्यतः काळ्या गे-लेस्बियन लोकांसाठी. १९८५ ला मायनॉरिटी एड्स प्रोजेक्ट सुरू केला, एड्स झालेल्याला घरचे सुद्धा शिवत नव्हते त्या काळात. निसर्ग हा शब्द त्याने देवापर्यंत असा नेला, प्रवचनातून कमी आणि अंगमेहनतीने जास्त. २०२१ मध्ये तो गेला, त्याच वर्षी लेडी गागाने जाहीर सांगितलं की तिच्या 'बॉर्न धिस वे' या गाण्यामागे बीन आहे.

घंटा_ऐकून_उठणारा
मी पण गे, बाप्तिस्मा झालेला, चर्च सोडून नऊ वर्षं झाली. ताई, मला तुमचंच जास्त वाईट वाटतं. फादर प्रेमाने बोलतील हो, धर्मशिक्षणाच्या ग्रंथात आदराने वागवा असं लिहिलंच आहे, पण त्याच पानावर आपल्या संबंधांना मुळातच विपरीत म्हणतात. ज्या घरात हे वाक्य भिंतीवर आहे तिथे अल्टो गाऊन काय मिळतं? डिस्को गायक सिल्व्हेस्टर बघा, पेंटेकॉस्टल चर्चमध्ये पोरवयात गायचा, तिथल्या लोकांनी त्रास दिला तसा निघाला आणि १९७८ ला 'मायटी रियल' गाऊन मोकळा झाला. त्याला कुणाची परवानगी लागली नाही.

दुसरी_रांग_अल्टो
पण तो परत गेला! कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या लव्ह सेंटर चर्चमध्ये, गॉस्पेल गायक आणि पाळक वॉल्टर हॉकिन्सच्या. १९८८ ला एड्सने गेला तेव्हा अंत्यविधी तिथेच झाला, लाल किमोनो घालून, गॉस्पेलच्या गजरात. तुमची जखम मला कळते, तुम्ही परत या असं मी कधीच म्हणणार नाही. पण माझं घर मी का सोडू.

आणि पाळकपुत्र दादा, तुमच्याच नगरच्या ना. वा. टिळकांनी ख्रिस्त अभंगात आणला ना? मिशनऱ्यांच्या चाली सोडून वारकऱ्यांचा घाट घेतला.

नगरचा_पाळकपुत्र
टिळकांचं नाव काढलंत म्हणून लिहितो, आमच्या घरी रोज संध्याकाळी त्यांचे अभंग होतात. टिळकांनी घाट बाहेरचा घेतला आणि आत ख्रिस्त ठेवला. इथे घाट चर्चचा आहे आणि आतून ख्रिस्त काढलाय. हाच माझा मुद्दा आणि तो मी सोडणार नाही. एड्सच्या लोकांसाठी त्याने केलं ते मात्र मला माहीत नव्हतं. त्यावर मला आत्ता उत्तर सुचत नाही.

दुसरी_रांग_अल्टो
गाण्यात नाव नाही हे मान्य. पण ते ऐकून त्या रात्री मी कितीतरी महिन्यांनी गुडघ्यावर बसले होते, आणि तेव्हा नाव त्याचंच घेतलं. शनिवारी सराव आहे, ग्रुपवर न टाकता तिथेच सगळ्यांसमोर विचारणार आहे, लावू का म्हणून.