स्टीव्हनसन प्रो झाला असता तर टिकला असता का?

जॅबवेडा:
मंडळी, दोन आठवडे झाले तेओफिलो स्टीव्हनसनच्या जुन्या फाइट्स बघत बसलोय, क्युबाचा हेवीवेट बॉक्सर, १९७२, ७६ आणि ८० अशी ओळीने तीन ऑलिम्पिक गोल्ड. मित्राला दाखवलं तर तो म्हणतो अमॅच्युअर म्हणजे तीन राऊंडचा खेळ, प्रोच्या पंधरा राऊंडला उतरला असता तर पाचव्यातच जीभ बाहेर आली असती. मला ते पटत नाहीये पण उत्तर पण सुचेना. आणि हा माणूस प्रो का नाही झाला, पैसे नको होते का त्याला?

डावा_हूक:
पैसे नको असण्यापेक्षा देश सोडायचा प्रश्न होता रे. क्युबात तेव्हा, १९६२ पासूनच, व्यावसायिक खेळावर बंदी होती, त्यामुळे प्रो व्हायचं म्हणजे पळून जायचं, घरदार कायमचं मागे टाकून. मुहम्मद अलीशी लढ म्हणून लाखो डॉलरच्या ऑफर आल्या होत्या, त्याने सरळ नाही सांगितलं, क्युबातल्या लाखो लोकांचं प्रेम मला जास्त मोलाचं आहे अशा अर्थाचं काहीतरी म्हणाला. आता कुणी म्हणेल बोलायला भाग पाडलं असेल, असेलही, पण तो शेवटपर्यंत तिथेच राहिला, २०१२ मधे हवानातच गेला.

तुझ्या मित्राला एक नाव सांग, जॉन टेट. १९७६ माँट्रिऑलच्या सेमीफायनलला स्टीव्हनसनने त्याला पहिल्याच राऊंडमधे आडवा केला. तोच टेट १९७९ ला डब्ल्यूबीएचा (वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशन) वर्ल्ड चॅम्पियन झाला, प्रो मधे!

आणि १९७२ म्युनिक ऑलिम्पिकची बॉबिकची फाइट बघ, बघितली असलीस तर परत बघ. अमेरिकेच्या ड्वेन बॉबिकने आदल्याच वर्षी पॅन अ‍ॅम गेम्समधे (अमेरिका खंडातल्या देशांची स्पर्धा) ह्याला हरवलेलं, त्यामुळे सगळे बॉबिकलाच धरून होते. दुसऱ्या राऊंडला बॉबिकने जम बसवला पण. मग तिसरा राऊंड. स्टीव्हनसनचा डावा हात नुसता मोजमाप घेतोय, टच, टच, समोरच्याला वाटतं हा फक्त अंतर ठेवतोय, आणि त्याच्या मागून तो उजवा येतो ना, सरळ, खांदा फिरवून, बॉबिक तीनदा खाली गेला आणि रेफ्रीने थांबवली. तेव्हा हेडगार्ड पण नसायचं, ऑलिम्पिकला ते १९८४ पासून आलं.

कोपऱ्यातला_टॉवेल:
टेटचं उदाहरण अर्धंच आहे भाऊ. तीन राऊंडमधे हरवणं म्हणजे पंधरा राऊंडमधे हरवणं नाही, प्रश्नच तो होता. आणि इगोर विसोत्स्कीचं नाव कुणी काढतच नाही. सोव्हिएत बॉक्सर, स्टीव्हनसनपेक्षा बराच बुटका, त्याने दोनदा हरवलंय ह्याला, १९७३ ला हवानात पॉइंट्सवर आणि १९७६ ला मिन्स्कला चक्क नॉकआउट. त्या लांब हातांच्या आत घुसलं की स्टीव्हनसनची अर्धी जादू संपायची, जवळच्या मारामारीत त्याच्याकडे फारसं काही नव्हतं. आत घुसून मारणारा जो फ्रेझरसारखा प्रो समोर असता तर तेच केलं असतं की.

दम नव्हता असं मात्र मी म्हणणार नाही, तशी कधी वेळच आली नाही त्याच्यावर. नऊ मिनिटांसाठी घडवलेलं शरीर होतं ते, वेगळं ट्रेनिंग दिलं असतं तर वेगळं घडलं असतं.

रिंगसाइड_काका:
१९८० मॉस्को ऑलिम्पिकची सेमीफायनल बघा, हंगेरीचा लेवाई नऊ मिनिटं नुसता पळतोय. हरला, पण ऑलिम्पिकमधे स्टीव्हनसनसमोर शेवटच्या घंटेपर्यंत उभा राहिलेला तो पहिला माणूस 😄

डावा_हूक:
@कोपऱ्यातला_टॉवेल विसोत्स्कीचं मान्य, ती माझी चूक. पण मग १९८६ पण धर ना. ८२ ला इटलीच्या दमियानीकडून वर्ल्ड चॅम्पियनशिपमधे हरला, ८४ ला क्युबाने लॉस एंजेलिसवर बहिष्कार घातला म्हणून चौथ्या गोल्डचा चान्स गेला, सगळ्यांना वाटलं आता संपला, आणि चौतिसाव्या वर्षी अमेरिकेत रीनोला सुपर हेवीवेटमधे परत वर्ल्ड टायटल घेतलं. बॉक्सिंगमधे तीन ऑलिम्पिक गोल्ड त्याच्याआधी फक्त हंगेरीच्या लास्लो पापकडे होते आणि नंतर क्युबाच्याच फेलिक्स सावोनकडे.

जॅबवेडा:
विसोत्स्कीची मिन्स्कची फाइट कुणाकडे पूर्ण आहे का? मला शेवटचा तुकडाच मिळाला, त्यात स्टीव्हनसन दोरांना टेकलेला दिसतो आणि लगेच संपतं. मित्राला अजून दाखवलेली नाही 😅

कोपऱ्यातला_टॉवेल:
शोधतो. आधी १९७३ ची बघ पण, आत कसं शिरायचं ते विसोत्स्कीला तिथेच सापडलं.