०३ लाइनची (०३ ने संपणाऱ्या, एकावर एक घरांची) गळती: ठाण्यात पाचपाखाडीतल्या सोसायटीचा ग्रुप

शुक्रवार

३०३ (रात्री ९.०४)
नमस्कार. संध्याकाळी आमच्या पॅसेजच्या छताचा तुकडा पडला. तळहाताएवढा, पण चांगला जाड. मुलगा दोनच मिनिटांपूर्वी तिथे बूट काढून आत गेला होता. फोटो टाकते. आतली सळई उघडी पडली आहे. दिवाळीआधी याच जागी पुट्टी मारून रंग लावला होता, चौदा हजार गेले. आता मला रंगारी नको. पाणी येतं कुठून, एवढं कळू दे.

२०३ (९.१०)
बाप रे. मुलगा ठीक आहे ना? आमच्याही बाथरूमबाहेर पोपडे आलेत, पण थेंब नाही.

खजिनदार ४०१ (९.१५)
थोडक्यात वाचला, देवाची कृपा. पण ताई, वरच्याखालच्या फ्लॅटमधली गळती दोन मेंबरनी आपसात सोडवायची असते. त्यात सोसायटीचा पैसा घालता येत नाही. ४०३ ने बाथरूम दुरुस्त करून द्यावं.

४०३ काकू (९.३१)
मी दोन वर्षांपूर्वी बाथरूम खालपर्यंत फोडून नवं केलं. नहाणी ट्रॅप (जाळीखालचा, सांडपाणी जातो तो भाग) बदलला, वॉटरप्रूफिंग केलं, लाद्या बसवायच्या आधी चोवीस तास पाणी साठवून ठेवलं. ३०३ ची ताई तेव्हा स्वतः वर येऊन बघून गेली होती. आणि मागच्या महिन्यात मी दहा दिवस रत्नागिरीला होते. मेन कॉक बंद करून गेले होते. तेव्हा गळत नव्हतं का?

३०३ (९.३८)
गळत होतं काकू. मला वाटलं, लाद्यांखालच्या कोब्यात (सिमेंटच्या थरात) मुरलेलं पाणी उतरतंय. त्याच दिवसांत मी तुम्हाला फोनवर नको तेवढं बोलले. तुम्ही तिकडे भावाच्या आजारपणात होतात, हे मला नंतर कळलं. मनापासून माफी मागते.

१०२ काका (९.५०)
कुणी कुणाला दोष देण्याआधी दोन दिवस द्या. बांधकाम खात्यात बत्तीस वर्षं काढली, त्यावरून सांगतो. नवरा-बायकोच्या भांडणात पडू नये तसं छताच्या गळतीत ऐकीव माहितीवर पडू नये. पाणी वरून खाली सरळ उतरत नाही. स्लॅबच्या पोटातून सळईच्या कडेने, जुन्या वायरिंगच्या पाइपातून, जिथे फट मिळेल तिथून सरकत जातं आणि आठ-दहा फुटांवर टपकतं. डाग दिसतो ती जागा आणि पाणी शिरतं ती जागा, या दोन्ही एक धरल्या की चुकीचं बाथरूम फुटतं.

३०३ ताई, उद्या तीन गोष्टी बघा. एक, थेंब कोणत्या वेळी पडतात ते घड्याळ लावून लिहा. चोवीस तास सारखं ठिबकत असेल तर पिण्याच्या लाइनचा संशय, कारण त्यात सतत प्रेशर असतं. ठरावीक वेळीच येत असेल तर ते सांडपाणी. दोन, थेंब दोन बोटांत घासून बघा, बुळबुळीत लागतो का. तीन, वास घ्या. जानेवारी आहे, पावसाला दोष देता येणार नाही. पावसाळा संपल्यावर गच्चीच्या कोब्यातलं पाणी काही दिवस झिरपतं, पण ते तुमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत येऊन रोज टपकणार नाही.

आणि त्या पॅसेजमध्ये तोवर कुणी झोपू-बसू नका. सैल झालेला भाग काठीने ठोकून बघायचा मोह आवरा.

शनिवार

३०३ (रात्री ८.४५)
काका, लिहिलं आहे. सकाळी ७ ते ९.३० वाटी भरली. दहानंतर थांबलं. दुपारी एक थेंब नाही. आत्ता आठपासून परत सुरू. बोटावर घासलं तर साबणासारखं बुळबुळीत लागतं, आणि शाम्पूचा वास आहे. आम्ही तो शाम्पू वापरत नाही.

१०२ काका (८.५२)
म्हणजे आंघोळीचं पाणी. ४०३ मध्ये एकट्या काकू, त्या पहाटे साडेपाचला आंघोळ करतात, आणि सात ते साडेनऊ हे तर भरल्या घराचं वेळापत्रक. त्यांच्या बाथरूमवर माझा संशय नाही. वरती एकच घर उरतं.

५०३ (९.०१)
आम्ही भाडेकरू आहोत, पण काय करायचं ते सांगा. चार जण आहोत, सगळ्यांची ऑफिसं, सकाळी रांग असते. शाम्पू कुणाचा ते विचारू नका 🙏

१०२ काका (९.०६)
तुमचा काही दोष नाही, आणि मदत करता हे फार मोठं आहे. उद्या सकाळी सगळ्यांच्या आंघोळी उरकल्या की मी येतो. नहाणीचं तोंड कापडाने घट्ट बंद करून बाथरूममध्ये दोन इंच पाणी भरायचं, त्यात खायचा लाल रंग. भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण करायची. तीन-चार तास तसंच ठेवू, मग बोळा काढू. ३०३ ने खाली पांढरी थाळी ठेवावी.

रविवार

१०२ काका (दुपारी ३.२०)
सांगतो सविस्तर. ११ वाजता पाणी भरलं. अडीच वाजेपर्यंत पातळी खुणेवरून हलली नाही, ३०३ मध्ये थाळी कोरडी. म्हणजे ५०३ ची जमीन आणि तिथलं वॉटरप्रूफिंग चांगलं. २.३५ ला बोळा काढला, पाणी लाइनला लागलं. तीन वाजून पाच मिनिटांनी ३०३ च्या थाळीत पहिला गुलाबी थेंब.

याचा अर्थ, पाणी कुणाच्याही बाथरूममधून गळत नाही. खाली जाणाऱ्या सामाईक पाइपातून गळतंय.

सेक्रेटरी २०१ (४.१०)
प्लंबरला घेऊन डक्टमध्ये (पाइपांसाठीच्या उभ्या मोकळ्या जागेत) उतरून आलो. फोटो बघा. ४०३ च्या स्लॅबच्या लेव्हलला बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) पाइपाचा जोड उघडलाय आणि त्यातून पिंपळाचं मूळ आत गेलंय, मनगटाएवढं जाड. जोडाभोवतीची भिंत हाताने दाबली तर ओली माती लागते तशी लागते. इमारत १९८७ ची, पाइप तेव्हाचेच. डक्टमध्ये शेवटचं कोण कधी उतरलं होतं, मला सांगता येत नाही. ही चूक कमिटीची आहे, आणि सेक्रेटरी म्हणून माझी आहे.

४०३ काकू (४.१४)
सहा महिने मी जिन्यात कुणाशी नजर मिळवत नव्हते.

३०३ (४.१५)
काकू, वर येतेय.

खजिनदार ४०१ (५.०२)
मी शुक्रवारी घाईने लिहिलं, ते मागे घेतो. पण खर्च कुणाच्या डोक्यावर, हे लेखी असू दे. उद्या कुणी विचारलं तर मला उत्तर देता आलं पाहिजे.

सेक्रेटरी २०१ (५.२०)
आदर्श उपविधी (सोसायट्यांसाठीचे नमुना नियम) काढून वाचले. सोसायटीने स्वतःच्या खर्चाने करायच्या दुरुस्त्यांची यादी त्यात स्पष्ट आहे. बाहेरच्या पाण्याच्या लाइन, ड्रेनेज लाइन, गच्ची आणि कठडे, बाहेरच्या भिंती, सामाईक पाइप किंवा ड्रेनेजमुळे होणारी गळती, फ्लॅटच्या छताची स्ट्रक्चरल दुरुस्ती. शेवटच्या मजल्यावर गच्चीतून पाऊस गळून छताचं प्लॅस्टर खराब झालं तर तेही. या यादीत नाही ते मेंबरचं. ४०३ चा नहाणी ट्रॅप गळत असता तर खर्च काकूंचा असता. पण पाइप आणि ३०३ चा स्लॅब, दोन्ही सोसायटीचे.

खजिनदार ४०१ (५.३३)
पटलं. दुरुस्ती निधी आपण बांधकाम खर्चाच्या वर्षाला ०.७५ टक्के घेतो, सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठी राखून ठेवलेला) ०.२५ टक्के. पाइपाचा खर्च दुरुस्ती निधीतून होईल. सिंकिंग फंडाला सर्वसाधारण सभेच्या मंजुरीशिवाय हात लावणार नाही.

५०१ (५.४०)
तोपर्यंत ३०३ ने छताखाली पीओपी करून घेतलं तर? माझ्या मित्राकडे केलंय, छान दिसतं.

१०२ काका (६.०५)
नको. हात जोडून सांगतो, नको. पीओपीने गळती थांबत नाही, दिसायची बंद होते. पडलेला तुकडा मी घरी आणून बघितला. आतल्या बाजूला सळईचा ठसा आहे, केशरी, आणि त्यावर गंजाचे थर, पापडासारखे हाताने सुटतात. लोखंड गंजलं की त्याला दुपटीहून जास्त जागा लागते, ती जागा ते काँक्रीट फोडून घेतं. आधी केसाएवढी भेग, मग फुगवटा, मग तुकडा. भेगेतून आणखी पाणी, आणखी गंज. वरून पुट्टी मारली की आपल्याला वाटतं बरं झालं, आत सळई बारीक होत राहते.

काम असं झालं पाहिजे. आधी पाइप बदला, पिंपळ मुळासकट काढा. नुसता छाटला तर पुढच्या पावसाळ्यात परत येईल. मग स्लॅब नीट सुकू द्या. सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढा, सळई तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत घासा, गंजरोधक कोट द्या, मग पॉलिमर मॉर्टर (रसायन मिसळलेला सिमेंटचा गिलावा). सळई किती खाल्ली गेली आणि नवी जोडायची का, हे गवंड्याने ठरवायचं नाही. स्ट्रक्चरल इंजिनिअर लागेल.

आणि हा विषय ३०३ चा एकटीचा नाही. १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) दर पाच वर्षांनी आणि त्यापुढे दर तीन वर्षांनी करायचं, असं उपविधीत आहे. आपलं शेवटचं २०१९ ला झालं. २०१५ च्या ऑगस्टमध्ये बी केबिनला जुनी इमारत रात्री झोपलेल्या माणसांवर पडली. इथून चालत जाण्याचं अंतर आहे. आपली अवस्था तशी आहे असं मी म्हणत नाही. पण आपली अवस्था काय आहे, हे सात वर्षांत आपण कुणाला विचारलेलं नाही.

२०३ (६.१२)
काका, आमच्या पोपड्यांखालीही बघायला सांगा इंजिनिअरना. मला आता झोप लागायची नाही.

सेक्रेटरी २०१ (८.३०)
तीन इंजिनिअरकडून ऑडिटचे दर मागवतो, सभेची नोटीस उद्या लावतो. पाइपाचं काम मात्र थांबवत नाही. मंगळवारी सकाळी ८ ते संध्याकाळी ५, ०३ लाइनच्या सगळ्या घरांनी बाथरूमचं पाणी सोडू नये. बादलीभरही नाही, खाली माणूस उतरलेला असेल.

५०३ (८.३३)
आम्ही त्या दिवशी सातच्या आत आवरून निघू.

४०३ काकू (८.४०)
दुपारी माझे पाय धुवायचे असतात, औषध लावायच्या आधी. १०२ मध्ये येऊ का?

१०२ काका (८.४१)
या ना. जेवायलाच या.