मदत हवी आहे: दुबईजवळ वाळूत गाडी चालवण्यासाठी मोकळी जागा
नमस्कार. गेली ११ वर्षे आम्ही चार मराठी कुटुंबे हिवाळ्यात पहाटे दुबईबाहेरच्या अल कुद्रा वाळवंटाच्या बाजूला गाड्या नेत असू. चाके वाळूत रुतू नयेत म्हणून टायरमधल्या हवेचा दाब १५ पीएसआयपर्यंत उतरवतानाचा फुसकारा ऐकला की मागे झोपलेली मुले आपोआप जागी होत. गेल्या महिन्यात मात्र आमच्या नेहमीच्या उतारापाशी पत्र्याचे कुंपण आणि त्यामागे सपाट केलेली वाळू दिसली, तेव्हा खरोखर गलबलून आले. शहराला घरे हवीत, हे मान्यच आहे. दुबईजवळच लहबाबच्या लाल वाळूच्या टेकड्या आहेत, परंतु तिथे सहलींच्या गाड्यांची गर्दी असते आणि नवख्या चालकांना त्या टेकड्या झेपत नाहीत. शारजा किंवा रास अल खैमा या अमिरातींच्या हद्दीत, राखीव क्षेत्राबाहेरची सौम्य उताराची जागा कोणास ठाऊक असल्यास, परवानगी लागते का आणि वाळूत नेमके कुठून शिरावे, हे कृपया कळवावे.