आजोबाला शुगर नव्हती, अण्णाला आहे, मग माझ्यात काय आलं?

परभणीकर: अण्णाला शुगर, दोन्ही काकांना शुगर, आत्याला पण. आजोबा मात्र ऐंशीच्या पुढं गेले तरी रानात जायचे, त्यांना काही नव्हतं (कुणी तपासलीच नसंल, ते पण आहे म्हणा). मी आता बत्तीशीत, दिवसभर खुर्चीवर, पोट सुटलंय. मित्र म्हणायलाय ऑनलाइन जीन टेस्ट करून घे, थुंकी पाठवायची की झालं. करावी का? आणि घराण्यातच असंल तर भाकरी खाल्ली काय न बटर खाल्लं काय, फरक पडतोय का?

लॅबवाला_लातूर: पैसे वाचवा राव. टाइप 2, म्हणजे आपल्याकडं मोठेपणी निघती ती नेहमीची शुगर, तिचा एकच जीन नसतो, शेकड्यानं असतात आणि एकेकाचा वाटा बारीक. त्यातला जोरदार म्हणतेत तो टीसीएफ7एल2, त्याची एक कॉपी असली तरी धोका दीडपटीच्या आसपासच जातो. आजोबाचेच जीन्स अण्णाकडं आले, एका पिढीत ते बदलत नसतेत, बदललं ते रान सुटलं, गाडी आली, टपरीवर बसणं वाढलं. पिमा नावाचे आदिवासी आहेत, काही अमेरिकेत ॲरिझोनात, काही मेक्सिकोच्या डोंगरात, रक्त जवळपास एकच. 2006 च्या अभ्यासात ॲरिझोनावाल्यांत 38 टक्क्यांना शुगर, अन् मेक्सिकोत शेतात राबणाऱ्यांत 7 च्या आत! तुम्ही एचबीए1सी करा, म्हणजे दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ताची तपासणी, 5.7 च्या खाली ठीक, 6.4 पर्यंत काठावर, 6.5 पासून शुगर. कंबरेला टेप लावा, 90 सेंटीमीटरच्या वर असंल तर धोका आहे समजून घ्या.

बीडची_वहिनी: सगळं पोटावर नका ढकलू भाऊ. आमचे दीर काडीसारखे, ऊसतोडीला जायचे, त्यांना पण निघाली की. पुण्याच्या केईएममधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या बायांचा अभ्यास केलाय, तिथली लेकरं जन्मताना सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडातली साडेतीनच्या आसपास. पण बारीक दिसली तरी अंगात चरबी त्या मानानं जास्त, कमी ते मांस. म्हणजे आई गरोदरपणी काय खाती तेही मोजावं लागतंय. नेदरलँडमध्ये 1944-45 च्या उपासमारीत जी पोटात होती, ती पन्नाशीत आली तेव्हा त्यांची साखर नीट जिरत नव्हती, असं सापडलंय. मला तर बहात्तरच्या दुष्काळात जन्मलेल्यांचाच विचार येतोय, सुकडीवर दिवस काढलेल्या बायांची लेकरं ती, आता पन्नाशी ओलांडली त्यांनी. तुमच्या अण्णाचा जन्म कधीचा?

परभणीकर: वहिनी, 73 चाच! पण हे झालं होऊन गेलेलं, त्याला आता मी काय करणार.

लॅबवाला_लातूर: चालणार, दुसरं काय. काठावरच्या लोकांवर भारतातच प्रयोग झालाय, 2006 मध्ये छापून आला, निस्तं खाणं-चालणं सुधारून तीन वर्षांत शुगर व्हायचं प्रमाण साधारण 28 टक्क्यांनी घटलं. अमेरिकेत 58 घटलं होतं, आपल्याकडं कमी, पण फुकट आहे ना बाबा.

अंबाजोगाई_एमबीबीएस: जीन टेस्ट कायमच फालतू, असं पण नाही हं. मोडी म्हणून शुगरचा एक प्रकार असतो, तिथं खरंच एकाच जीनचा बिघाड असतो. बहुतेकदा पंचविशीच्या आत निघते, माणूस जाड नसतो आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली असते. तुमच्या घरात सगळ्यांना कितव्या वर्षी निघाली?

परभणीकर: बाकीच्यांना चाळिशीनंतरच. पण मोठ्या काकाच्या पोराला 19 व्या वर्षीच निघाली, बारीकच आहे तो, इन्सुलिन चालूय. काका पण बारीकच होते म्हणा.

अंबाजोगाई_एमबीबीएस: मग टेस्टचा विचार तुमच्यापेक्षा त्याच्यासाठी करा. आधी टाइप 1 (अंगच स्वतःच्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारतं, ती शुगर) आहे का ते रक्तातल्या अँटीबॉडी न सी-पेप्टाइडवरून (अंगात इन्सुलिन किती बनतंय ते त्यावरून कळतं) बघतेत, त्यातून शंका राहिली तर मोडीची टेस्ट, ती पण डॉक्टरनं लिहून दिलेली, ते थुंकीचं ऑनलाइन किट नाही. मोडीतल्या एचएनएफ1ए या जीनचा बिघाड निघाला तर बऱ्याच जणांचं शुगरच्या साध्या जुन्या सल्फोनिलयुरिया गोळीवर भागतं. तोवर त्यानं इन्सुलिनला हात लावायचा नाही, एक दिवस पण बंद करायचं नाही, हे काकाला नीट सांगा.