विधानसभेचा ‘ठराव’: नक्की काय ठरतं?

विचारणा

एका वृत्तलेखाचं मराठीकरण करतेय. मुळात ‘रेझोल्यूशन’ आहे, विषय राज्याच्या विधानसभेचा. मी ‘ठराव’ लिहिलं, संपादकांनी खोडून ‘प्रस्ताव’ केलं. हिंदी बातमीत तर ‘संकल्प’ दिसतोय. तिन्ही एकच का? आणि ठराव झाला म्हणजे गोष्ट ठरली, असा वाचकाचा समज होतो. तो कितपत खरा?

प्रतिसाद

‘ठराव’च ठेवा. ‘प्रस्ताव’ म्हणजे सभागृहापुढे चर्चेला किंवा निर्णयाला आणलेली बाब: स्थगन प्रस्ताव, शोकप्रस्ताव, अंतिम आठवडा प्रस्ताव. ‘ठराव’ म्हणजे सभागृहाने स्वतःचं म्हणून नोंदवलेलं मत, शिफारस किंवा मान्यता. सीमा अगदी काटेकोर नाही. अविश्वासाचा असतो प्रस्ताव, पण वर्तमानपत्रं बिनदिक्कत ‘अविश्वास ठराव’ लिहितात आणि आता ते रुळलंय.

‘संकल्प’ मात्र मराठीत नको. आपल्याकडे संकल्प पूजेआधी पाणी सोडून करतात, नाहीतर १ जानेवारीला करून ५ जानेवारीला मोडतात. राज्यघटनेच्या उद्देशिकेत ‘संकल्पपूर्वक निर्धार करून’ आहे, पण तिथे मनाचा निश्चय अभिप्रेत आहे. सभागृहाच्या कामकाजात मराठीने हा शब्द फक्त ‘अर्थसंकल्पा’त ठेवला. ‘पारित’ही टाळा. ठराव मांडतात, त्याला अनुमोदन देतात, तो संमत होतो, फेटाळला जातो किंवा बारगळतो. ग्रामसभेत तर सरळ ‘ठराव घेतात’. इतकी क्रियापदं घरात असताना उसनवारी कशाला?

प्रतिसाद

शब्द ठरणे, ठरवणे यातून आलाय आणि घोटाळाही तिथेच आहे. पडाव, जमाव, बनाव यांसारखीच घडण. ‘ठरावीक’ही त्यातलाच. त्यामुळे कानाला वाटतं, झालं, शिक्कामोर्तब. पण अशासकीय ठरावाची भाषा वाचा: ‘ही विधानसभा शासनास अशी शिफारस करते की…’ यातलं मुख्य क्रियापद ‘ठरवते’ नाही, ‘शिफारस करते’ आहे. (‘अशासकीय’ म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचा. स्वयंसेवी संस्थेशी याचा संबंध नाही. हा गोंधळ मी छापील मजकुरातही पाहिलाय.)

मराठवाडा विद्यापीठाचं उदाहरण घ्या. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव दोन्ही सभागृहांनी २७ जुलै १९७८ रोजी संमत केला. पाठोपाठ मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, अंमलबजावणी थांबली आणि पुढे नामांतराचा लढा उभा राहिला. नाव प्रत्यक्ष लागलं १४ जानेवारी १९९४ रोजी, तेही ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ असं. तोवर शब्दही बदलला होता, ‘नामांतरा’चा ‘नामविस्तार’ झाला होता. ठराव आणि पाटी यांत साडेपंधरा वर्षं गेली. ‘ठराव’ या शब्दाचा अर्थ कोशापेक्षा इथे जास्त कळतो.

प्रतिसाद

हे एकांगी होतंय. काही ठराव खरोखर ठरवतात, किंवा त्यांच्यावाचून पुढचं अडतं.

राज्यघटनेचा अनुच्छेद २५२ पाहा. राज्यसूचीतल्या, म्हणजे राज्यांच्या अखत्यारीतल्या विषयावर संसदेने कायदा करावा असं दोन किंवा अधिक राज्यांना वाटलं, तर त्यांची विधानमंडळं तसा ठराव करतात. १९७६ चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा (यूएलसी) असाच आला. गंमत पुढे आहे. संसदेने तो १९९९ मध्ये रद्द केला, तरी महाराष्ट्रात तो चालूच राहिला, कारण रद्द करणारा कायदा आपण ठरावाने स्वीकारला नव्हता. तो स्वीकारला नोव्हेंबर २००७ मध्ये. मधली आठ वर्षं ‘यूएलसी’ची फाइल कुणाच्या टेबलावर आहे, याची चौकशी करत कितीजण फिरले असतील! तिथे ठराव ही शिफारस नव्हती, किल्ली होती. या अर्थाला मराठीत ‘अंगीकार’ हा नेमका शब्द आहे.

तसंच घटनादुरुस्तीचं अनुसमर्थन, म्हणजे राज्यांनी तिला दिलेली मान्यता. जीएसटीची दुरुस्ती संसदेत मंजूर होऊनही निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांच्या ठरावांसाठी थांबली होती. ऑगस्ट २०१६ मध्ये आसामने पहिला ठराव केला, त्याच महिन्यात महाराष्ट्रानेही. विधान परिषद हवी की नको, हेही विधानसभेच्या ठरावापासूनच सुरू होतं (अनुच्छेद १६९), त्यालाही साधं बहुमत पुरत नाही. पण शेवटचा शब्द संसदेचा. आंध्रने जानेवारी २०२० मध्ये परिषद रद्द करण्याचा ठराव केला, संसदेने कायदा केला नाही, परिषद जागच्या जागी राहिली.

प्रतिसाद

आणि अगदी उलट टोक: जानेवारी २०१४ मध्ये आंध्रच्या विधानसभेने राज्य विभाजनाचं विधेयक आवाजी मतदानाने फेटाळलं. २ जूनला तेलंगण झालं. अनुच्छेद ३ खाली विधानमंडळाचं मत मागवावं लागतं, मानावं लागत नाही.

सीमाप्रश्नाचे ठराव तिसऱ्याच जातीचे. डिसेंबर २०२२ मध्ये आधी कर्नाटकने केला, पाच दिवसांनी नागपूर अधिवेशनात आपण एकमताने केला: बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकी आणि ८६५ गावांसाठी. दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि या ठरावांनी नकाशा हलत नाही. मग कशाला करायचे? सत्ताधारी आणि विरोधक या बाबतीत एक आहेत हे सीमाभागाला, दिल्लीला आणि शेजाऱ्याला लेखी कळवण्यासाठी. मला ते निरर्थक वाटत नाही. फक्त त्याला ‘निर्णय’ म्हणू नये.

प्रतिसाद

‘निर्णय’वरून आठवलं. जीआरमधला ‘आर’ही रेझोल्यूशनचाच! पण तो मंत्रालयातल्या विभागाचा, सभागृहाशी त्याचा संबंध नाही. मराठीने त्याला ‘शासन निर्णय’ म्हणून वेगळं काढलं हे फार शहाणपणाचं झालं. गुजरातीत त्यालाही ‘ठराव’च म्हणतात.

आणि शब्दरचनेला हलकं समजू नका. केरळने नाव ‘केरळम्’ करण्याचा ठराव ऑगस्ट २०२३ मध्ये केला आणि जून २०२४ मध्ये पुन्हा केला. पहिल्या ठरावात राज्यघटनेच्या पहिल्या (राज्यांच्या) अनुसूचीबरोबर आठवीचाही (भाषांच्या) उल्लेख होता, बदल फक्त पहिलीतच लागणार होता. एका अनुसूचीच्या उल्लेखापायी सभागृहाला तोच विषय परत घ्यावा लागला.

विचारणाकर्तीकडून

माझ्या लेखातला ठराव केंद्राला उद्देशून आहे, जातनिहाय जनगणनेबद्दल. म्हणजे शिफारशीच्या जातीचा. शीर्षक ‘विधानसभेत जनगणनेचा निर्णय’ होतं, ते बदलून ‘जनगणनेसाठी विधानसभेचा केंद्राकडे ठराव’ केलं. संपादकांनी ‘ठराव’ राहू दिला. आता त्यांचा आक्षेप ‘केंद्राकडे’ला आहे.