‘आपलं घर, सातारा’ ग्रुप – रविवार, 20 जुलै 2025

7:42 मंजूआत्या: सगळ्यांना नमस्कार. रात्री एक वाजता सहज फोन पाहिला तर चिऊचं जर्मनीतलं स्टेटस. नदीत होडी, हातात बाटल्या आणि शेजारचा मुलगा खांद्यावर हात टाकून बसलेला. मी काही बोलणार नव्हते. पण परीक्षा शुक्रवारी संपली ना? मग 27 ला पिंकीच्या साखरपुड्याला यायला जमत नाही आणि होडीत बसायला जमतं?

7:44 मंजूआत्या: मार्चमध्ये वहिनीच म्हणाल्या होत्या की सेमिस्टर सप्टेंबरपर्यंत आहे. आता जुलैतच कसं संपलं?

7:51 मोठी काकू: शुभ सकाळ 🙏 उद्या कामिका एकादशी. साबुदाणा रात्रीच भिजत घाला.

7:58 बापूकाका: मूळ मुद्दा बाजूला राहू नये म्हणून लिहितो. चिऊने अब्मेल्डुंग केले का? जर्मनी सोडताना तिथल्या नगरपालिकेत ‘मी हा पत्ता सोडला’ अशी नोंद करावी लागते. खोली सोडण्याआधी फार तर एक आठवडा आणि सोडल्यावर दोन आठवडे, एवढीच मुदत. तो कागद नसेल तर रेडिओ-टीव्हीची फी दरमहा 18.36 युरो चालूच राहते. आमच्या बँकेतल्या एकाच्या मुलाला पुण्यात परत आल्यावर वर्षभर पत्रे येत होती.

8:05 चिऊची आई: मंजूताई, उन्हाळी सेमिस्टर कागदोपत्री 1 एप्रिल ते 30 सप्टेंबरच असतं. तास मात्र जुलैअखेर संपतात. दोन्ही खरं आहे. तिकीट आम्ही फेब्रुवारीत काढलं, तेव्हा साखरपुड्याची तारीख तुम्हालाही माहीत नव्हती.

8:07 मंजूआत्या: मी कुठे म्हटलं खोटं बोललात म्हणून.

8:08 मंजूआत्या: तिकीट बदलता येतं.

8:11 चिऊचे बाबा: विचारलं होतं मंजू. एकवीस हजार जादा सांगितले.

8:13 मंजूआत्या: ठीक आहे. कळलं.

8:14 पिंकी: आई!! प्लीज. चिऊने मला महिन्यापूर्वीच फोन करून सांगितलंय. व्हिडिओ कॉलवर पूर्ण वेळ असणार आहे ती. मला चालतंय तर ग्रुपवर कशाला?

8:15 मंजूआत्या: तुला सगळंच चालतं.

8:20 बापूकाका: वर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आलेले नाही.

8:22 रोहनदादा: बाबा, तिथे पहाटेचे पाच वाजायचेत. साडेतीन तास मागे आहेत ते. झोपली असेल ती.

8:31 अण्णा: चि. चिऊस अनेक आशीर्वाद. तू शिकतेस त्या ट्यूबिंगेन येथे रुडॉल्फ रोथ प्राध्यापक होते व विद्यापीठाचे ग्रंथपालही होते. त्यांनी ब्योट्लिंक यांच्यासह केलेला संस्कृत-जर्मन कोश 1855 ते 1875 या काळात सात खंडांत निघाला. अथर्ववेदाच्या पैप्पलाद संहितेची भूर्जपत्रावरील, शारदा लिपीतील पोथी काश्मिरातून रोथ यांच्याकडे गेली. ती तेथील ग्रंथालयात आहे. निघण्यापूर्वी चौकशी करावी. एप्रिलपासून सांगत आहे.

8:33 मोठी काकू: अण्णा, चहा झाला का? गोळी घेतली का?

8:40 अण्णा: घेतली.

8:52 मंजूआत्या: अण्णांचं एवढंसं काम तीन महिन्यांत झालं नाही. होडी मात्र झाली. मागच्या रविवारी किल्ला, त्याआधी ते मोठं तळं. रोज नवा फोटो.

8:55 चिऊचे बाबा: तळं नाही गं, बोडनझे. खूप मोठं सरोवर आहे, तीन देशांच्या मध्ये. महिन्याच्या 58 युरोच्या पासात गेली होती. त्या पासावर जर्मनीतल्या सगळ्या साध्या गाड्या चालतात, वेगळे पैसे पडले नाहीत.

8:57 बापूकाका: तो पास रद्द केला का? महिन्याच्या 10 तारखेच्या आत कळवावे लागते, नाहीतर ऑगस्टचे 58 कापले जातात. आज 20 आहे.

8:58 बापूकाका: शिवाय बँकखाते आत्ता बंद करू नये. खोलीचे डिपॉझिट नंतर जमा होते. आणि अब्मेल्डुंग.

9:04 रोहनदादा: बाबांनी जर्मन वकिलातीत अर्ज करावा 😂

9:05 पिंकी: 😂😂

9:06 बापूकाका: हसण्यावारी नेऊ नका. व्हिसासाठी ‘ब्लॉक्ड’ खात्यात (त्यातून दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते) दरमहा 992 प्रमाणे सहा महिन्यांचे 5,952 युरो दाखवले तेव्हा कोण धावले होते ते सगळ्यांना माहीत आहे.

9:12 चिऊचे बाबा: दादा, तुझे दोन लाख मे महिन्यात परत केले आहेत.

9:13 बापूकाका: परतफेडीचा विषयच नाही. काळजीचा विषय आहे.

9:15 चिऊची आई: भाऊजी, तुमचे उपकार आम्ही विसरलेलो नाही. पण दर वेळी ते ग्रुपवर यायलाच हवेत असं नाही.

9:21 मंजूआत्या: विषय निघालाच आहे तर बोलते. रोहनला 2009 मध्ये तिकडचाच प्रवेश मिळाला होता. तेव्हा सगळे म्हणाले, परदेशात पोरं बिघडतात. आता कोणी म्हणत नाही.

9:40 मोठी काकू: मंजू, ते राहू दे.

10:26 रोहनदादा: माझं नाव निघालं म्हणून एकदाच लिहितो. मी गेलो नाही याचा राग आता कोणावर नाही. पण एक गोष्ट आजही सलते. इंजिनिअरिंगचा शेवटचा पेपर झाला आणि त्याच रात्री मी सातारची एसटी धरली, कारण दुसऱ्या दिवशी घरी सत्यनारायण होता. हॉस्टेलवरची पोरं रात्रभर गच्चीवर बसणार होती. चार वर्षं एका खोलीत काढलेला माझा पार्टनर, त्याचा निरोपसुद्धा नीट घेतला नाही. म्हटलं, फोन आहेच. पुढच्या वर्षी तो गेला. चिऊ काय करतेय ते मला पूर्ण कळतंय. करू दे तिला.

10:28 पिंकी: दादा ❤️

10:30 मोठी काकू: त्या पूजेचा हट्ट माझा होता.

10:31 रोहनदादा: आई, तसं नाही म्हणायचं मला.

10:44 बापूकाका: (पुन्हा टाकतो, वर गेले म्हणून) चिऊने अब्मेल्डुंग केले का? खोली सोडण्याआधी फार तर एक आठवडा...

12:38 चिऊ: आत्ता उठले. एवढे सगळे मेसेज! क्रमाने उत्तर देते, कोणी रागावू नका.

12:40 चिऊ: बापूकाका, पास 8 तारखेला रद्द केला. अब्मेल्डुंगची वेळ 29 ला सकाळी साडेनऊची मिळालीय, त्याआधी नव्हतीच. 30 ला खोलीची किल्ली द्यायची. खातं चालू ठेवणार आहे. तुम्ही मार्चमध्ये दिलेली यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलीय, रोज एकेक खूण करते.

12:41 बापूकाका: उत्तम. तो कागद मिळाल्यावर लगेच फोटो काढून पाठव. मूळ प्रत हातातल्या बॅगेत ठेव, 23 किलोवाल्या सामानात नको.

12:52 चिऊ: आत्या, तुला फोटो रात्री एकला दिसला, पण इथे तेव्हा साडेनऊ वाजले होते आणि नदीवर उजेड होता. जुलैत इथे सव्वानऊनंतर सूर्य मावळतो. ती इथली श्टोखरकान, लांब चपटी होडी. वल्ही नसतात. मागच्या टोकाला उभं राहून लांब खांब नदीच्या तळाला टेकवायचा आणि रेटायचं. काल प्रत्येकाने पाच मिनिटं चालवायची असं ठरलं होतं. माझा खांब गाळात रुतला. मी सोडेना, होडी पुढे आणि मी मागे ओणवी. तेव्हा त्या मुलाने मला धरून आत ओढलं आणि नंतर सगळे हसत होतो तेव्हाचा तो फोटो आहे. माझ्या हातातली बाटली सफरचंदाच्या सोड्याची होती. दोघातिघांच्या बिअरच्या होत्या, ते लपवत नाही.

12:54 चिऊ: तो स्पेनचा आहे. आज पहाटे चारच्या बसने गेला. आम्ही चौघं त्याला सोडून पाचला परत आलो, म्हणून उठायला उशीर.

12:55 मंजूआत्या: पहाटे चारला रस्त्यावर??

12:56 चिऊची आई: चौघं होते ना मंजूताई.

13:01 अण्णा: कृष्णेवर माहुलीला होडीवाला असाच बांबू टेकवीत असे. रुतला तर बांबू सोडावा, होडी सोडू नये, असे तो सांगे.

13:02 चिऊ: अण्णा, इथेही हेच सांगतात!! 😭

13:04 रोहनदादा: चिऊ, त्या होड्यांची शर्यत असते ना? हरणाऱ्यांना माशाचं तेल पाजतात ती?

13:06 चिऊ: हो दादा, जूनमध्ये 19 ला झाली. हरलेल्या टीममधल्या प्रत्येकाला अर्धा लिटर कॉडलिव्हर तेल! सगळ्यांसमोर पुलाजवळ.

13:07 मोठी काकू: शी. अर्धा लिटर?

13:07 पिंकी: माझ्या साखरपुड्यात हाच खेळ ठेवूया, दोन्हीकडच्या काकांमध्ये

13:09 बापूकाका: लहानपणी आम्हाला रोज एक चमचा देत. त्यामुळेच दात शाबूत आहेत.

13:10 मंजूआत्या: दादा, तुझे तीन दात मुलुंडच्या डॉक्टरकडे आहेत.

13:12 मोठी काकू: 😂 खरंय

13:30 चिऊ: आत्या, आता तुझ्याशी बोलते. फोनवर रडू येईल म्हणून इथेच लिहिते.

आमच्या मजल्यावर आठ जणांचं एक स्वयंपाकघर आहे. फ्रिजमध्ये प्रत्येकाचा एक कप्पा, त्यावर नावाची पट्टी. एप्रिलमध्ये जागेवरून भांडायचो, माझ्या दह्याच्या डब्यावर कोणीतरी लोणी ठेवायचं. आज सकाळी उघडला तर पाच कप्पे रिकामे. पुसून लख्ख केलेले. पट्ट्या तशाच. हे लोक मला पुन्हा एकत्र कधीच भेटणार नाहीत. एखादी कुठे भेटेल, पण हे आठ जण या ओट्यापाशी नाही. जाताना जो तो उरलेलं सामान खोक्यात भरून रस्त्यावर ठेवतो, वर लिहितो ‘त्सु फेरशेंकेन’, म्हणजे कोणीही न्या. कप, उशा, छत्र्या. गल्लीत अशी खोकीच खोकी दिसताहेत.

मागच्या बुधवारी प्रत्येकाने आपल्या घरचं जेवण करायचं होतं. मी तुझ्या भाजणीची थालीपीठं केली.

13:32 चिऊ: तू फेब्रुवारीत दोन किलो दिली होतीस ना, मी जपून वापरली. शेवटची ओंजळ होती त्यात कांदा आणि इथली कोथिंबीर. विजेची शेगडी तापायला वेळ लागतो, पहिलं चिकटलं, दुसरं फाटलं. तिसऱ्याला मधे भोक पाडून तेल सोडलं तसा वास मजलाभर गेला. खालच्या मजल्यावरची मुलंसुद्धा वर आली. सहा थालीपीठं आणि तेरा माणसं. बोटभर बोटभर तुकडे वाटले.

13:36 मंजूआत्या: तेल जरा जास्त सोडायला हवं होतं. आणि भाजणी गरम पाण्यात भिजवलीस का?

13:36 चिऊ: हो, दहा मिनिटं झाकून.

13:37 मंजूआत्या: मग फाटायला नको होतं. कांदा फार झाला असेल.

13:38 चिऊ: माझ्या शेजारच्या खोलीतली कोरियाची मैत्रीण, तिने कृती लिहून घेतली. भाजणीत काय काय असतं ते मला सगळं सांगता आलं नाही, तुला विचारून कळवते म्हटलं. ती शुक्रवारी जातेय. तिचा भाताचा कुकर मला दिलाय, मी जाताना पुढच्या मुलीला द्यायचा. उलटा केला तर बुडाला मार्करने आधीच्या सगळ्यांनी देश आणि साल लिहिलेलं आहे. पहिलं तैवान 2014. मी काल खाली लिहिलं, ‘सातारा 2025’.

13:40 चिऊचे बाबा: भारत नाही लिहिलंस?

13:40 चिऊ: जागा कमी होती बाबा.

13:52 मंजूआत्या: बाजरी, ज्वारी, तांदूळ, गहू, हरभरा डाळ, उडीद डाळ, धने, जिरे. प्रत्येक वेगळं भाजायचं. धने शेवटी. प्रमाण संध्याकाळी लिहिते, तिला दे.

13:53 पिंकी: मला कधी सांगितलं नाहीस प्रमाण

13:53 मंजूआत्या: तू कधी विचारलंस?

14:05 मोठी काकू: मंजू, भाजणीत मेथीदाणे राहिले.

14:06 मंजूआत्या: मी घालत नाही. तुमच्याकडे घालतात.

14:10 बापूकाका: अण्णांच्या पोथीचे काय झाले? त्याचे उत्तर राहिले.

14:22 चिऊ: अण्णा, सॉरी. मी एप्रिलमध्ये विचारायला हवं होतं, परीक्षेच्या नादात राहून गेलं. गुरुवारी ग्रंथालयात विचारलं. आधी वेळ घ्यावी लागते. मूळ पोथी हातात मिळणं अवघड आहे, पण 1901 साली तिची छायाचित्रं छापली होती ती आवृत्ती बघता येईल. मला शुक्रवारी 25 ला सकाळी दहाची वेळ दिलीय. त्याच दिवशी साडेनऊच्या गाडीने माझी मैत्रीण निघतेय. तिला स्टुटगार्टपर्यंत सोडायचं मनात होतं, एक तास गाडीत मिळाला असता. पण मी प्लॅटफॉर्मवरूनच निरोप घेईन आणि ग्रंथालयात जाईन. फोटो काढू देतात का विचारते.

14:25 बापूकाका: योग्य.

14:41 अण्णा: योग्य नाही. चिऊ, ती वेळ रद्द कर व तसे त्यांना आजच कळव, म्हणजे दुसऱ्या कोणास मिळेल. सोमवारी मिळाली तर पाहा, न मिळाली तर मला त्या छायाचित्रांपैकी काही पाने 1962 साली पुण्यात पाहण्यास मिळाली होती. मैत्रिणीबरोबर स्टुटगार्टपर्यंत जा.

14:43 चिऊ: अण्णा, तुम्ही तीन महिने वाट बघताय.

14:47 अण्णा: जा.

14:48 रोहनदादा: 🙏

14:55 मंजूआत्या: चिऊ, तिची पुढे विमानाची वेळ काय? कोरियाला किती तास लागतात? वाटेत खायला दे काहीतरी. भाजणी संपली म्हणतेस, तर तिखटमिठाच्या पुऱ्या कर, दोन दिवस टिकतात. ओवा आहे का तुझ्याकडे?

14:57 चिऊ: आहे आत्या. थोडासा.

14:57 मंजूआत्या: चिमूटभर पुरतो. हातावर चोळून घाल. आणि 27 ला अकरा वाजता फोन चालू ठेव, तुझ्याकडे साडेसात असतील. झोपू नकोस.