भोपळा ही 'जादूची वस्तू' मानायची का?

प्रश्न: एम.ए.च्या निबंधासाठी 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' घेतलीय. आजी सांगायची तेव्हा वाघ आला की माझा हात घट्ट धरायची. लोककथांचा रशियन अभ्यासक प्रॉप याने १९२८ मध्ये रशियन परीकथांतून ३१ कार्यं (कथा पुढे नेणाऱ्या पात्रांच्या कृती) मांडली. त्यांत दाता नायकाची परीक्षा घेतो, मग जादूची वस्तू देतो. इथे भोपळा देते लेक, तेही परीक्षेविना. अडलेय.

प्रतिसाद १: लेकच दाता. परीक्षेच्या जागी लेकीची माया आहे, आणि हा फरकच निबंधाचा गाभा करा.

प्रतिसाद २: मला म्हातारीचं बोलणं महत्त्वाचं वाटतं. जाताना ती वचन देते, 'लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होईन, मग मला खा.' परतताना भोपळ्यातून म्हणते, 'म्हातारी-कोतारी मला नाही ठाऊक.' ज्याच्या आधारे खोटं बोलता येतं ते चिन्ह, असं चिन्हांचा इटालियन अभ्यासक उंबेर्तो एको मांडतो. वाघाला दिसतो नुसता भोपळा!

प्रश्नकर्ती: खरंच की! जाताना हडकुळी, उघडी. येताना गुटगुटीत, झाकलेली. आजी 'टुणूक'ला हात सोडायची, तेही आत्ता आठवलं. आज रात्री हाच भाग लिहिते.